सत्पात्री सेडान

मुंबईला एखादी गोष्ट अडचणीची झाली की ती अलिबागला पाठवायची, ही रीत जुनी आहे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार आणि कुलाब्याच्या वेधशाळेतले चुंबकीय काटे बिथरणार, असं दिसल्यावर १९०४ साली ते काम उचलून इथे आणलं. ते निदान उपयोगाचं होतं. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी इथे अजून होतात. त्यानंतर शनिवार-रविवारचे पाहुणे आले, पाहुण्यांचे बंगले आले, बंगल्यांचे कुत्रे आले. आणि आमच्या वाट्याला मेहुण्यांची गाडी आली.

गाडी लांबलचक, काळी, जर्मन. कंपनीचं नाव मी सांगत नाही. मेहुणेही कधी तोंडाने सांगत नसत. कुठेही बसले की किल्ली टेबलावर ठेवत, चिन्ह वर करून. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने ती मांडव्याला उतरली आणि प्रत्येक गतिरोधकाला पोट घासत चोंढीमार्गे आमच्या वाडीत पोचली. २०२०च्या जूनमधल्या ‘निसर्ग’ वादळाने आमचे माड आडवे केले होते, तेवढी जागा मोकळी होती. “चार दिवस राहू दे इथे, भावोजी. दादरला पार्किंगचा फार त्रास,” मेहुणे म्हणाले.

त्या चार दिवसांत काही पावसाळे बसले. खाऱ्या हवेला जर्मन आणि देशी असा भेद कळत नाही. आमच्या खिडकीच्या गजांना जो गंज चढतो, तोच तिच्या दारांच्या कडांना चढला. या जातीच्या गाडीला स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या असतात. त्या गळायला लागल्या की गाडी रात्रीतून बसकण मारते. सकाळी चहाचा कप घेऊन ओटीवर यावं तर ती डाव्या अंगावर कललेली, श्राद्धाचं जेवण झालेल्या भटजींसारखी. बॅटरी डिकीत, डिकी विजेवर उघडणारी, आणि बॅटरी मेलेली. हे कोडं सोडवायला पोयनाडहून मेकॅनिक बोलावला. त्याने बॉनेट उघडलं तर आत उंदरीण बाळंत होऊन चांगली नांदत होती, आणि बारशाला निम्म्या वायरी खर्ची पडल्या होत्या. त्याने फोनवर सुट्या भागांची किंमत विचारली, ऐकली आणि न बोलता फोन माझ्या हातात दिला. एवढ्या मोठ्या रकमा आपल्या तोंडून उच्चारू नयेत, असे त्याच्यावर घरचे संस्कार असावेत.

अशा सुमुहूर्तावर मेहुण्यांना दानाची बुद्धी झाली.

ती न्यू जर्सीहून झाली होती. तिथे त्यांचा मुलगा असतो. “तिकडे जुनी गाडी संस्थेला देऊन टाकतात, भावोजी. नुसता फोन करायचा. ट्रक येतो, ओढून नेतो, वर करात सूट. रेडिओ स्टेशनंसुद्धा गाड्या घेतात!” हे सगळं खरं आहे. मुलाने फक्त पुढचं सांगितलं नव्हतं. तिकडच्या दानशूरांनी खटाऱ्यांच्या किमती अशा फुगवल्या की सरकारने कायदा बदलला, आणि २००५ पासून संस्था गाडी विकून जेवढे डॉलर मिळवील, साधारण तेवढ्याचीच वजावट मिळू लागली. औदार्याला बाजारभाव लागला की ते किती आटतं, हे अमेरिकेने करून पाहिलं आहे.

आपल्याकडे तर प्रश्नच मिटलेला. आयकराच्या ८०जी कलमाखाली वस्तू दिल्याबद्दल वजावट मिळत नाही. पैसेच द्यावे लागतात, आणि २००० रुपयांच्या वर रोख चालत नाही. हे सांगितल्यावर मेहुण्यांनी माझ्यासमोर आपल्या सीएला फोन लावला. स्पीकरवर. सीए शांतपणे म्हणाला, “साहेब, तुम्ही नव्या करप्रणालीत आहात. त्यात ८०जी नाहीच. तुम्ही गाडी द्या, नाहीतर बंगला द्या, वजावट शून्य.”

मेहुणे बराच वेळ समुद्राच्या दिशेने पाहत बसले. मग म्हणाले, “ठीक आहे. निष्काम दान करू.”

निष्काम दानालाही घेणारा लागतो. तो शोधण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मी स्थानिक.

पहिल्यांदा एका वृद्धाश्रमात गेलो. व्यवस्थापकबाईंनी चहा दिला, गाडीचे फोटो पाहिले आणि विचारलं, “सीट जमिनीपासून किती उंच?” हा प्रश्न विकणाऱ्यालाही कुणी कधी विचारला नसेल. मी हाताने दाखवलं. “म्हणजे आमचे आजोबा आत बसतील,” त्या म्हणाल्या, “पण बाहेर कसे येतील?” नंतर मुलांची ने-आण करणारी एक संस्था गाठली. त्यांना चौदा पोरं कोंबता येतील असं काहीतरी हवं होतं. आमच्या गाडीत पाच बसतात, तेही एकमेकांचा मान राखून. शिवाय पेट्रोलला दरमहा जे लागेल त्यात त्यांच्या एका शिक्षिकेचा पगार भागत होता. तिथले विश्वस्त हसून म्हणाले, “दाजी, आम्ही अलिबागचे असलो तरी म्हणीतल्या अलिबागचे नव्हे.” (‘अलिबागहून आलायस का?’ म्हणजे ‘बावळट समजलास का?’, त्या म्हणीवर बंदी घाला म्हणून इथल्या एका गृहस्थांनी थेट उच्च न्यायालय गाठलं होतं. २०१९ साली न्यायालयाने याचिका फेटाळली. विनोद होतात सगळ्यांवरच, मनाला लावून घेऊ नका, असा एकूण सूर.)

खरा उत्साह दाखवला तो एका गणेश मंडळाने. गाडीच्या छताला सरकती काच आहे, हे कळल्यावर कार्यकर्त्यांचे डोळे लकाकले. “म्हणजे काका, बाप्पा आत उभा राहील आणि डोकं वर काढून दर्शन देईल!” विसर्जनाला गाडी किनाऱ्यावर न्यायची, असंही ठरत होतं. भरतीच्या वेळी गाडीचंही विसर्जन होईल का, याची चौकशी मी मोठ्या आशेने केली. पण गाडी सुरू होत नाही म्हटल्यावर मंडळाने सार्वजनिक कार्य म्हणून फक्त वर्गणीचं पुस्तक पुढे केलं.

एवढ्यावर मेहुण्यांची खात्री पटली की समाजाला दानाची किंमत राहिलेली नाही. माझं मत निराळं झालं होतं. दान म्हणून जे फिरतं त्यातलं पुष्कळसं दात्याच्या अंगणातलं ओझं असतं. कठोपनिषदाची सुरुवातच तिथून आहे. वाजश्रवस सर्वस्वदानाचा यज्ञ करतो आणि गायी देतो त्या शेवटचं पाणी पिऊन झालेल्या, शेवटचं गवत खाऊन झालेल्या, शेवटचं दूध देऊन झालेल्या. पोरगा नचिकेता हे बघत उभा. तो विचारतो, बाबा, मला कुणाला देणार? बाप चिडून म्हणतो, यमाला. पुढचं तत्त्वज्ञान थोर आहे, पण मूळ भांडण भाकड गायींचं आहे.

आमच्याकडे नचिकेताचं काम आमच्या कन्येने केलं. मामा शनिवारी आल्यावर तिने पोहे पुढे ठेवत विचारलं, “मामा, जुनी संस्थेला देतोयस. मग नवी कुणाला देणार?” मामाने यमाचं नाव घेतलं नाही, पण पोहे अर्धे टाकले. आमच्या हिने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, “दादाला काही बोलू नका हं.” बोललो मी नव्हतो, तरी सूचना मलाच.

कागदपत्रांसाठी पेणला जाणं आलं, कारण रायगडचं आरटीओ तिथे. १५ वर्षं उलटलेल्या गाडीला फेरनोंदणी लागते. तिचीच फी ५००० रुपये, वर पर्यावरण कर. नाव बदलायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. आणि नाव बदलेपर्यंत गाडी कुणाच्याही ताब्यात असो, अपघात झाला तर भरपाई कागदावरच्या मालकाच्या गळ्यात. सर्वोच्च न्यायालयानेच २०१८ साली तसं सांगितलं आहे. म्हणजे दान दिलं तरी पुण्यापेक्षा जबाबदारी जास्त चिकट. हे ऐकून रांगेतला एक एजंट म्हणाला, “देणगी? साहेब, पैसे देऊनसुद्धा कोणी घ्यायचा नाय.” याच पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली विनोबा जन्मले. १९५१ साली पोचमपल्लीपासून ते गावोगाव चालत जमीन मागत फिरले आणि लाखो एकर जमवली. त्यातली पुष्कळशी निघाली खडकाळ, पडीक किंवा कोर्टात अडकलेली. विनोबांसारखा मागणारा दारात उभा असताना लोकांनी दगड दिले, तिथे मेहुण्यांनी गळकी सेडान दिली तर त्यात त्यांचं एकट्याचं काय चुकलं?

एक आशेचं उदाहरण मला आठवलं. १९६४च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईत आले होते. त्यांना अमेरिकेतून भेट आलेली पांढरी लिंकन मोटार जाताना त्यांनी मदर तेरेसांना देऊन टाकली. मदर त्या मोटारीत बसल्या नाहीत. त्यांनी सोडत काढली, आणि तो पैसा आसनसोलजवळच्या शांतिनगरला, कुष्ठरुग्णांच्या वसाहतीला लावला. हे ऐकून मेहुणे उठून उभेच राहिले. “काढू या सोडत!” मी म्हटलं, “लॉटरीला सरकारची परवानगी लागते. शिवाय ती पोपांची गाडी होती, ही तुमची आहे. लोक तिकीट घेतील, पण आपला नंबर लागू नये म्हणून.”

अखेर गाडी सरकारमान्य भंगार केंद्राला दिली. तिथून मिळालेल्या पैशांचा चेक वृद्धाश्रमाला गेला. मेहुण्यांना गाडी भंगारात जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळालं. ते दाखवलं की नव्या गाडीच्या करात सवलत मिळते, म्हणून त्यांनी ते लॅमिनेट करून घेतलं. निष्काम वगैरे बाजूला राहिलं.

पण ट्रक यायच्या आधी व्यवस्थापकबाई रिक्षा टेम्पो घेऊन आमच्या वाडीत हजर. म्हणाल्या, “गाडी नको होती, मागची सीट मात्र फार चांगली आहे.” पोयनाडच्या मेकॅनिकने चार बोल्ट काढले. खाली लाकडी चौकट ठोकून, गुडघ्यांना सोसेल एवढी उंच करून, ती आश्रमाच्या पडवीत मांडली. अस्सल चामडं, मधे टेकायला हाताची उशी, आणि ऊन कमी वाटेल तर सीट गरम करायची सोय. अलिबागेत!

मेहुणे सहकुटुंब पाहायला आले. नारळ फोडला, फोटोसाठी मधोमध बसले, जुन्या सवयीने किल्ली ठेवायला टेबल शोधू लागले. तेवढ्यात काठी टेकत एक आजोबा आले आणि समोर उभे राहिले.

“उठा,” ते म्हणाले. “साडेचार ते साडेपाच माझी पाळी आहे.”