सिंहाच्या मनातलं

सिंहिणीला भूक लागली आहे, हे सिंहिणीच्या आधी निवेदकाला कळतं. ती बिचारी बाभळीखाली आडवी पडून शेपटीने माश्या वारत असते. तेवढ्यात वरून एक घनगंभीर आवाज सांगतो की गेले चार दिवस तिच्या पोटात काही गेलेलं नाही आणि पिल्लांचं दूधही आटत चाललं आहे. झालं! आतापर्यंत नुसती आळशी वाटणारी ती बाई एका क्षणात हालअपेष्टा सोसणारी माउली होते. आमच्या सासूबाई सोफ्यावर पुढे सरकतात. ‘‘मिळू दे गं बाई तिला काहीतरी,’’ म्हणतात. ते काहीतरी म्हणजे झेब्र्याचं पोर असतं, याकडे त्या शिताफीने काणाडोळा करतात.

पुढच्या रविवारी दुसऱ्या वाहिनीवर झेब्र्याचं पोर आधी दाखवतात. नुकतंच जन्मलेलं, पाय लटपटताहेत, आई चाटते आहे. मग गवतात दोन कान दिसतात. ‘‘मेली टपूनच बसलीय!’’ – सासूबाई. सिंहीण तशीच, भूकही तशीच, पक्ष तेवढा बदलला. पक्षांतराचं आपल्या राज्याला अप्रूप नाही म्हणा, पण तिथे निदान हॉटेलची बिलं तरी भरावी लागतात. इथे निवेदकाच्या एका वाक्यात काम होतं.

वास्तविक त्याची गरज काय? बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून क्रिकेटचं मराठीत धावतं वर्णन करायचे तेव्हा ऐकणाऱ्याला मैदान दिसत नव्हतं. इथे वाघ ढळढळीत समोर पाणी पितो आहे आणि तरी कुणीतरी सांगतं की वाघ पाणी पितो आहे. मला वाटतं, खरी अडचण जनावरांच्या चेहऱ्याची आहे. सुसर खूश आहे की रागावली आहे, काही पत्ता लागत नाही. समोरच्याच्या मनात काय चाललंय हे कळलं नाही की आपल्याला चैन पडत नाही. शेजारच्या बिऱ्हाडाचं कळून घेतो, मग सुसरीने काय घोडं मारलंय?

शिवाय आमच्या पिढीचे कान लहानपणीच बिघडवले गेले. सिनेमाच्या आधी फिल्म्स डिव्हिजनचं समाचार चित्र लागायचं. महापूर असो, गव्हाचं विक्रमी पीक असो की परदेशी पाहुण्यांचं विमानतळावरचं स्वागत, आवाजातला उत्साह तोच. त्या आवाजाने सांगितल्याशिवाय पूर आल्यासारखा वाटायचा नाही. आता आम्हाला वाघ असाच पाहायला दिला तर तो वाघ आहे की नाही अशी शंका येईल.

आमच्या घरात तर एका कार्यक्रमाला तीन निवेदक असतात. एक टीव्हीतला. दुसऱ्या सासूबाई, त्यांचं खातं भावनेचं. तिसरे अण्णा, म्हणजे माझे सासरे. अण्णांची हयात भूमी अभिलेख कार्यालयात गेली, त्यामुळे वन्यजीवनाकडे ते एकाच बाजूने पाहतात. वाघाने झाडावर फवारा मारला की ‘‘हद्दीच्या खुणा करतोय.’’ तरसं सिंहांच्या इलाख्यात शिरली की ‘‘अतिक्रमण.’’ एकदा दोन पाणघोडे तासभर एकमेकांना जबडे दाखवत उभे होते आणि निवेदक त्यामागचं शास्त्र फार सुरेख समजावून सांगत होता. अण्णा म्हणाले, ‘‘हद्द कायम मोजणी केल्याशिवाय हे मिटायचं नाही. आणि मोजणी झाली तरी धाकटा अपिलात जाणार.’’ धाकटा कोणता हे मी विचारलं नाही. पाहिल्यावर मलाही तो धाकटाच वाटायला लागला होता.

या तिघांत टीव्हीतला सगळ्यात गरीब, कारण त्याला गप्प करता येतं. मुलाने एकदा ते केलं. २०१६च्या ‘प्लॅनेट अर्थ २’मधला तो सुप्रसिद्ध प्रसंग चालू होता. गालापागोसमधलं फर्नांदिना बेट, वाळूतून नुकतंच बाहेर आलेलं इग्वानाचं पिल्लू, आणि खडकांच्या फटीफटींतून सुटलेले साप. मुलाने आवाज बंद केला. पाच-सात सेकंद शांतता. मग सासूबाई सुरू झाल्या, ‘‘पळ मेल्या, मागे काय बघतोस! डावीकडे! अरे डावीकडे!’’ पिल्लू वेटोळ्यात सापडलं तेव्हा त्यांनी डोळ्यांना पदर लावला, सुटलं तेव्हा टाळ्या पिटल्या. पुढे त्या प्रसंगाला बाफ्टा पुरस्कारही मिळाला. मग मुलाने कुठेतरी वाचून आजीला सांगितलं की ती धाव एकाच पिल्लाची नव्हती. वेगवेगळ्या पिल्लांची चित्रणं जोडून ती केली होती आणि निर्मातीने ते स्वतःच सांगितलंय. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे मी नेमकी कुणासाठी जीव मुठीत धरून बसले होते?’’

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. चित्रं तुकड्यातुकड्यांची असतात. ‘ते पिल्लू’ निवेदक करतो. फार लांबून भिंगाने टिपलेल्या दृश्यात आवाज कुठून येणार? म्हणून अस्वलाची बर्फावरची पावलंसुद्धा स्टुडिओत कुणीतरी कॉर्नफ्लॉर दाबून वाजवतं. कुरकुर कॉर्नफ्लॉरची, कळवळा निवेदकाचा, अस्वल तेवढं अस्वलाचं.

आता डेव्हिड अ‍ॅटनबरो. १९२६ सालचा जन्म, आणि नव्वदी उलटली तरी गोगलगायीविषयी असं बोलायचे की ती आपल्याकडे दिवाळीला येऊन गेली असावी. गंमत म्हणजे सुरुवातीला बीबीसीतल्या त्यांच्या वरिष्ठ बाईंना त्यांचे दात पडद्यासाठी फार मोठे वाटले होते. १९५४मध्ये ‘झू क्वेस्ट’ सुरू झाला तेव्हा प्राणिसंग्रहालयातले जॅक लेस्टर तो सादर करणार होते. ते आजारी पडले म्हणून दातांसकट यांना पुढे यावं लागलं. पण मला ते आवडतात ते बोलण्यासाठी नव्हे. १९७९च्या ‘लाइफ ऑन अर्थ’मध्ये रवांडाच्या डोंगरात ते गोरिलांच्या शेजारी जाऊन बसले. ठरलं होतं अंगठ्यावर बोलायचं. चिमटीत वस्तू धरता येणं हे उत्क्रांतीत किती मोठं काम, वगैरे. पण समोर एवढी मोठी मादी बसून त्यांच्या डोळ्यांत बघायला लागली आणि अंगठा राहिला बाजूला. पुढे गोरिलाची पोरं त्यांच्या अंगावर चढली, बुटांशी खेळली. तिकडे चित्रण करणारे अंगठ्यासाठी फिल्म राखून बसलेले, त्यामुळे या साऱ्याचं चित्रण फारच थोडं झालं. आयुष्यभर पुरेल असा प्रसंग, आणि निवेदकाकडे तयार मजकूर नाही. म्हणूनच तो चांगला झाला. आमच्याकडे एखाद्या सभेत निवेदिकेच्या हातातला कागद उडाला तरच कार्यक्रमात जीव येतो, हे मी पाहिलेलं आहे.

अमेरिकेत मात्र याच माणसाचा आवाज काढून टाकायची पद्धत होती. ‘प्लॅनेट अर्थ’ तिकडे सिगर्नी वीव्हरच्या आवाजात गेलं, ‘लाइफ’ ऑप्रा विनफ्रीच्या, ‘फ्रोझन प्लॅनेट’ अ‍ॅलेक बाल्डविनच्या. चित्रं तीच. ऑप्राचा आवाज लागला की मला सारखं वाटतं, आता ती त्या बेडकाला सोफ्यावर बसवून बालपणाबद्दल विचारणार.

आणि पेंग्विन! २००५चा ल्युक जाकेचा माहितीपट. इंग्रजीत तो मॉर्गन फ्रीमनच्या आवाजात गेला, ऑस्कर घेऊन आला. पण मूळ फ्रेंचमध्ये निवेदक नाहीच. नटनट्या चक्क पेंग्विन होऊन बोलतात – नवरा, बायको, पिल्लू. हे कळल्यापासून मराठी आवृत्ती माझ्या डोक्यातून जात नाही. एम्परर पेंग्विनची मादी एकच अंडं घालते आणि नवऱ्याच्या पायांवर सोपवून खायला समुद्राकडे निघून जाते. ती दोनेक महिन्यांनी उगवणार. तोवर हा अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात, उपाशी, अंडं पायांवर घेऊन उभा. अंड्याची देवघेव करताना ते बर्फावर घरंगळलं तर संपलंच. त्या देवघेवीला मराठी संवाद काय लागतील हे सांगायला नको.

‘‘अहो, नीट धरा.’’

‘‘धरलंय.’’

‘‘असं नाही, पोटाखाली घ्या. आणि मित्रांत जाऊन उभे राहाल, पण लक्ष अंड्यावर.’’

‘‘तू कधी येशील?’’

‘‘आता गेले की आले. तोवर काही खाऊ नका बाहेरचं.’’

हिंदीत हा माहितीपट अमिताभ बच्चनच्या आवाजात आला. तो आवाज कानावर पडताच सासूबाईंनी अपेक्षा पार बदलल्या. ‘बागबान’ येऊन दोनच वर्षं झाली होती. पिल्लू अंड्यातून बाहेर आलं, गोंडस दिसत होतं, आणि सासूबाई त्याच्याकडे संशयाने बघत म्हणाल्या, ‘‘आता हा मोठा होऊन आईबापांना घराबाहेर काढणार.’’ तिकडे अमेरिकेत काही धर्मनिष्ठ मंडळींना याच पेंग्विनांत आदर्श एकनिष्ठ संसार दिसला. एम्परर पेंग्विनच्या बहुतेक जोड्या पुढच्या हंगामात मोडतात आणि नवा घरोबा होतो, ही बारीकशी गोष्ट मध्ये आली. पण आवाज इतका धीरगंभीर असल्यावर कोण घटस्फोटाचा विचार करतो?

इथपर्यंत हसण्यावारी नेता येतं. डिस्नीच्या १९५८च्या ‘व्हाइट विल्डरनेस’चं तसं नाही. त्यात लेमिंग नावाचे छोटे उंदीर झुंडीने कड्यावरून पाण्यात उड्या घेताना दिसतात, आणि त्यांना असह्य ओढ लागते वगैरे निवेदक समजावून सांगतो. ते चित्रण कॅनडातल्या अल्बर्टात झालं. लेमिंग तिथले नव्हेतच, आणलेले होते. त्यांना कड्यावरून ढकललं होतं. या माहितीपटालाही ऑस्कर मिळालं. १९८२मध्ये कॅनडाच्या सीबीसीने हे उघड केलं, तरी लेमिंग आत्महत्या करतात असं सांगणारी शहाणी माणसं मला अजून भेटतात. त्यांनी तो माहितीपट पाहिलेला नसतो. आवाज मात्र पोचलेला असतो.

वेर्नर हेर्त्सोगच्या ‘ग्रिझली मॅन’मध्ये (हाही २००५चाच) एकाच अस्वलाला दोन निवेदक आहेत. टिमथी ट्रेडवेल उन्हाळ्यामागून उन्हाळे अलास्कात अस्वलांशेजारी राहिला, लाडिक आवाजात त्यांच्यावरचं प्रेम सांगत स्वतःचं चित्रण करत राहिला, आणि २००३मध्ये अस्वलानेच त्याला आणि त्याच्या मैत्रिणीला मारलं. त्याच चित्रणावर हेर्त्सोग आपल्या जर्मन वळणाच्या इंग्रजीत थंडपणे सांगतो की मला या चेहऱ्यांत आपुलकी नाही, समज नाही, दयामाया नाही, निव्वळ बेपर्वाई दिसते. अस्वल दोघांचंही ऐकून घेत नाही. आमच्याकडे हा लावला तेव्हा अण्णा पहिल्यांदा काही बोलले नाहीत. शेवटी एवढंच म्हणाले, ‘‘हा दुसरा माणूस नीट पंचनामा करतो.’’ अण्णांच्या तोंडून याहून मोठं प्रशस्तिपत्र निघत नाही. माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’लाही त्यांनी ते दिलेलं आहे, त्यातल्या वानरांच्या टोळीयुद्धात कुणाचीच बाजू घेतलेली नाही म्हणून.

मग आम्ही ताडोबाला गेलो. मोहर्लीच्या फाटकातून जिप्सीत गाइड बसला, चोविशी-पंचविशीचा, आणि मी कान टवकारले. आता साक्षात जंगलात निवेदन ऐकायला मिळणार! गाइड अजिबात बोलेना. मधूनच हात वर करायचा, ड्रायव्हर गाडी बंद करायचा. ‘‘कॉल झाला.’’ पुन्हा शांत. ‘‘चितळ हाय. सांबराचा कॉल आला त खरं समजायचं.’’ एवढीच दोन वाक्यं. पण ती ऐकली आणि एवढा वेळ नुसती पाखरं नि पाचोळा असलेलं ते रान भरल्यासारखं वाटायला लागलं. पुढे वळणावर सांबर ओरडलं. बांबूतून वाघीण निघाली आणि रस्त्यात उभी राहिली. आमच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

सासूबाईंना राहवेना. ‘‘हिच्या मनात काय चाललं असेल हो?’’

‘‘ते तिलेच माहीत, जी,’’ गाइड म्हणाला.

सासूबाईंचा विरस झाला. हजारो रुपये भरून सफारी करायची, आणि उपाशी आहे की पोट भरलंय एवढंही कुणी सांगू नये? पण निवेदकाची जागा रिकामी राहिली, ते अण्णांना चालेना. मुलगा कॅमेऱ्यावर चित्रण करत होता. त्याच्या खांद्याशी वाकून अण्णांनी दबक्या, भारदस्त आवाजात सुरुवात केली, ‘‘वाघीण... आपल्या हद्दीची... प्रत्यक्ष स्थळपाहणी करत आहे.’’ वाघिणीने झाडाला पाठ फिरवून शेपटी वर केली. ‘‘खूण कायम,’’ अण्णा म्हणाले. ‘‘पूर्वेस नाला. दक्षिणेस शासकीय रस्ता.’’ मागून सासूबाईंचं ‘‘अहो, खाली बसा, पडाल,’’ तेही त्यात आलं. गाइडने तोंडावर रुमाल धरला होता, खोकला असावा.

ती चित्रफीत आता नात्यागोत्यात सगळीकडे फिरते आहे. वाघीण बरी आहे म्हणतात सगळे, पण आवाज कुणाचा, हे प्रत्येक जण विचारतो. चिंचवडच्या आत्याबाईंनी तर मुलाच्या साखरपुड्याच्या फिल्मला याच माणसाला घ्या, कितीही मागू दे, असा निरोप धाडला आहे. अण्णांनी विचार करून सांगतो म्हणून कळवलंय. मुलीकडच्यांची बाजू काय आहे ते त्यांना आधी बघायचं आहे.