आमच्या नातेवाइकांच्या खिशावर डोळा ठेवणाऱ्या सरांना खुले पत्र

सर,

नमस्काराने सुरुवात करण्याइतका आदर आता मनात उरलेला नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येते. हे पत्र चारचौघांत का लिहावं लागतंय ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्या संस्थेच्या इंटर्न लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येतं. आम्हाला तिथे अंगठा दाखवायची मुभा आहे, बोलायची नाही. आमच्यातल्या एकीने तुमच्या टीम लीडरला खासगीत विचारलं, की आम्ही इंटर्ननी लोकांकडून जमवलेले पैसे कोणत्या गावात, कशावर खर्च होतात. 'नेगेटिव्हिटी पसरवू नका' एवढं उत्तर देऊन तिला त्याच संध्याकाळी ग्रुपमधून काढून टाकलं. एका प्रश्नाने हादरते अशी तुमची समाजसेवा आहे.

तुमच्या इंटर्नशिपच्या जाहिरातीत काय काय होतं याची आठवण करून देते. वस्तीतल्या मुलांना शिकवणं, आरोग्याची जनजागृती, घरोघरी पाहणी, अहवाललेखन. मी तेव्हा समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. पाहणी कशी करतात, प्रश्नावली कशी बांधतात हे पुस्तकात वाचलं होतं, प्रत्यक्षात करायचं होतं. मुलाखत फोनवर झाली आणि चहा निवायच्या आत संपली. विषयाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. तुम्हाला हवं होतं ते एवढंच: 'तुमचं नेटवर्क किती मोठं आहे?' तेव्हा वाटलं, गावात ओळखी आहेत का असं विचारताहेत, म्हणजे पाहणीला लोक मिळतील. तुम्ही माझ्या ओळखीच्या माणसांच्या खिशाचा अंदाज घेत होतात.

पहिल्याच दिवशी एक शीट आली. त्यात पन्नास नावं भरायची होती: नातेवाईक, शेजारी, शाळेतले शिक्षक, आईवडिलांच्या ऑफिसातले लोक. मग तयार मजकूर आला, त्यात फक्त आपलं नाव घालायचं. एक लिंक आली, एका लहान मुलाचा फोटो आला आणि टार्गेट आलं. रोज स्टेटसला लिंक ठेवायची, रोज त्याचा स्क्रीनशॉट टाकायचा. अमुक रक्कम जमली तर सर्टिफिकेट, त्यावर गेली तर शिफारसपत्र, आणखी वर गेली तर 'स्टार इंटर्न'. जमली नाही तर काहीच नाही, केलेले तास गेले वाऱ्यावर. ज्यांना पैसे मागणं जमेना त्यांना तुम्ही 'एचआर इंटर्न' केलंत. त्यांचं काम आणखी इंटर्न भरती करायचं, म्हणजे आणखी पन्नास-पन्नास नावांच्या शीट. वस्ती, शाळा, आरोग्य केंद्र यांतलं काहीही आमच्यापैकी कुणी पाहिलं नाही. संस्थेचा एकही कार्यकर्ता आम्हाला भेटला नाही. याला इंटर्नशिप म्हणताना तुमची जीभ कशी अडखळत नाही?

फुकट राबलो ही माझी तक्रार नाही, हे नीट ऐका, कारण तुमचा पुढचा बचाव तोच असेल, की आजच्या पिढीला सेवा नको, पैसा हवा. बाबा आमट्यांनी सोमनाथला सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत महाराष्ट्रभरातली पोरं-पोरी मे महिन्याच्या चंद्रपुरी उन्हात कुदळ-फावडं चालवायला जातात आणि कुणी मानधन मागत नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. तिच्यात विद्यार्थी वर्षाला १२० तास काम करतो, सात दिवस गावात शिबिराला राहतो, साधारण शंभर स्वयंसेवकांच्या प्रत्येक एककामागे एक कार्यक्रम अधिकारी असतो. तिथे मोबदला नसतो, पण काम असतं, ते शिकवणारं माणूस असतं आणि संध्याकाळी आज काय केलं ते सांगता येतं. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचं फील्डवर्क बघा. आठवड्यातले ठरलेले दिवस एजन्सीत जायचं, रोजची नोंद लिहायची, पर्यवेक्षकासमोर बसून 'आयसी'त, म्हणजे वैयक्तिक चर्चेत, तिची चिरफाड करून घ्यायची. तू त्या बाईला हा प्रश्न का विचारलास, तिने उत्तर द्यायचं टाळलं ते तुझ्या लक्षात आलं का, हे असं खोदून विचारतात. त्या वेळी राग येतो, पण माणूस घडतो तो तिथेच. तुमच्याकडे माझ्या कामाबद्दल मला विचारला गेलेला एकमेव प्रश्न होता, 'आज किती झाले?'

पैशाची अडचण असते हे मला कळतं. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, पण तो पैसा छोट्या संस्थेच्या दारापर्यंत क्वचित पोचतो, आणि पोचला तरी कार्यकर्त्याच्या पगाराला द्यायला देणारे नाखूश असतात. म्हणून संस्थांना लोकांकडे मागावं लागतं, आणि मागण्यात कमीपणा काहीच नाही. लोकवर्गणीवर या राज्यात शाळा आणि वसतिगृहं उभी राहिली आहेत. पण ती उभारणाऱ्यांनी स्वतःच्या तोंडाने मागितलं, स्वतःच्या नावावर मागितलं आणि हिशेब स्वतः दिला. तुम्ही मागे राहिलात आणि वीस वर्षांची पोरं पुढे केलीत. निधी उभारणं हे काम असेल, तर ते काम म्हणून जाहिरातीत लिहा, शिकवा आणि त्याचे पैसे द्या. शिकाऊ उमेदवारांना विद्यावेतन द्यावं असं १९६१ चा कायदा सांगतो. राज्य सरकारने २०२४ साली काढलेल्या कार्यप्रशिक्षण योजनेतही बारावी झालेल्याला महिना ६ हजार, पदविकाधारकाला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार ठरवले. तुम्ही स्वतःला स्वयंसेवी म्हणवता म्हणून या सगळ्यातून सुटता. स्वयंसेवा आमची आणि वसुली तुमची, अशी ही वाटणी आहे.

आम्ही तुमच्या हाती लागलो कसे, तेही सांगते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आमच्या पदवीत ओजेटी (ऑन-जॉब ट्रेनिंग), फील्ड प्रोजेक्ट, समाजसहभाग यांना क्रेडिट मिळू लागले. कल्पना चांगली आहे. पण तालुक्याच्या गावात शेकडो मुलांनी एकाच वेळी जायचं कुठे? चार दुकानं, दोन बँका, एक नगरपालिका. पुण्या-मुंबईच्या मुलांना काका-मामाच्या ऑफिसात जागा मिळते. आमच्यासारख्यांना मोबाइलवर दिसणारी तुमची जाहिरात मिळते. कॉलेजला फाइलमध्ये लावायला कागद लागतो, तुम्हाला लिंक फिरवायला हात लागतात. ही गरज तुम्ही अचूक हेरलीत. तुमची सगळी हुशारी तिथेच खर्च झाली आहे, आणि ज्या मुलांच्या फोटोवर तुम्ही जगता त्यांच्या वाट्याला तिच्यातली रतीभरही आली नाही.

त्या फोटोंबद्दल बोलायलाच हवं. बालगृहातली मुलं, चेहरा स्पष्ट, खाली नाव, वय आणि 'आई-वडील नाहीत' अशी ओळ. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ तुम्ही वाचलेलं नसेल तर संस्था चालवायला अपात्र आहात, आणि वाचलेलं असेल तर गुन्हेगार आहात. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करायला त्या कलमाने मनाई केली आहे. नाव, पत्ता, शाळा, फोटो, काहीही. तुम्ही ते आमच्या स्टेटसवरून गावोगाव पोचवलंत. उद्या त्यांतला एक मुलगा एखाद्या तालुक्याच्या कॉलेजात आला, तर त्याला ओळखणारे लोक तिथे आधीच तयार असतील, आणि त्याचं सगळ्यात खासगी दुःख त्यांना त्याच्या नावाआधी माहीत असेल.

आता माझ्या गल्लीचं. शेजारच्या आजींना यूपीआय येत नाही. घरकाम करणाऱ्या सुनेच्या पगारातून त्यांच्या हातात जे उरतं त्यातली पाचशेची नोट त्यांनी मला दिली. 'रोख मिळाली तर आपल्या खात्यातून लिंकवर भरा' ही सूचना तुमचीच होती. त्यामुळे तुमच्या नोंदीत देणगीदार मी आहे. आजींचं नाव कुठेच नाही. पावती आली ती माझ्या ईमेलवर, इंग्रजीत, माझ्या नावाची. गावातलं गणेश मंडळसुद्धा वर्गणीला निघण्याआधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढतं, शिक्क्याचं पावतीपुस्तक घेऊन दारात येतं आणि रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहून सही करून देतं. मांडवात काय खर्च झाला तो फलकावर लागतो, चुकला तर लोक मंडळाच्या अध्यक्षाला रस्त्यात अडवतात. तुम्हाला कोण अडवणार? तुमचा चेहरा आजींनी पाहिलेला नाही. त्यांनी माझा पाहिला आहे. 'त्या मुलाला शाळेत घातलं का गं?' हे त्या मला विचारतात, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे आहे.

तुमच्यावर माझा सगळ्यात मोठा राग यासाठी आहे. गल्लीतल्या, नात्यातल्या माणसांनी मला पैसे दिले ते तुमची संस्था पाहून दिलेले नाहीत. शाळेचे सर मला पाचवीपासून ओळखतात म्हणून त्यांनी दिले. मामांनी भाचीने पहिल्यांदा काही मागितलं म्हणून दिले. ही पत माझ्या आईवडिलांनी या गावात नीट वागून कमावलेली आहे, आणि माणसाला अशी पत दुसऱ्यासाठी एकदाच इतक्या सहज वापरता येते. पुढच्या वर्षी गावातल्या वाचनालयासाठी, पुरात घर गेलेल्या कुणासाठी, खऱ्याखुऱ्या कामासाठी मी त्याच दारात उभी राहीन, तेव्हा लोक आधी तुमची लिंक आठवतील. माझ्या एका मैत्रिणीने तर ठरवून टाकलंय की समाजसेवा हा धंदा आहे, त्या वाटेला जायचं नाही. ती चांगली कार्यकर्ती झाली असती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग २००६ पासून 'निर्माण'सारख्या उपक्रमातून सामाजिक काम करू पाहणाऱ्या तरुणांना वाट दाखवताहेत, कारण अशी माणसं घडायला वेळ लागतो, संगत लागते. तुम्ही अशी माणसं उंबऱ्यावरूनच परत पाठवताय, आणि तीही शेकड्याने.

म्हणून आता माझ्या मागण्या. ज्यांनी रोख दिले त्यांच्या याद्या तुमच्या प्रत्येक इंटर्नकडे आहेत. त्या मागवा आणि प्रत्येकाच्या नावाची, मराठीत वाचता येईल अशी पावती पाठवा. कोणत्या मोहिमेत किती जमले, त्यातले त्या मुलांपर्यंत किती गेले आणि प्रचारावर, प्लॅटफॉर्मवर, तुमच्या ऑफिसवर किती गेले, ते जाहीर करा. मुलांचे फोटो सगळीकडून उतरवा आणि आजवरच्या सगळ्या इंटर्नना ते पुसून टाकायला सांगा, तुमच्याच त्या ॲडमिनच्या ग्रुपवरून. टार्गेट अपुरं राहिलं म्हणून ज्यांची सर्टिफिकेटं अडवलीत त्यांना त्यांनी केलेल्या कामाचं पत्र द्या आणि त्यात काम काय होतं ते खरं लिहा: 'निधी संकलन'. पुढच्या जाहिरातीतही हाच शब्द लिहा. मग बघू किती अर्ज येतात.

कॉलेजातल्या आमच्या बाईंना मी सगळे स्क्रीनशॉट दिले आहेत, आणि तुमच्या संस्थेचा कागद यापुढे ओजेटीच्या फाइलमध्ये घेणार नाही असं विभागाने ठरवलं आहे. आमच्या जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात आणि बालकल्याण समितीकडे द्यायचे तक्रारअर्ज लिहून तयार आहेत. त्यांवर मी आणि माझ्याबरोबरच्या इंटर्ननी सह्या केल्या आहेत. महिनाअखेरपर्यंत पावत्या आणि हिशेब आले नाहीत तर ते अर्ज दाखल होतील. आजींच्या पावतीवर रक्कम अक्षरातही लिहा.

तुमच्या शीटमधली एक माजी इंटर्न