बिनबुडाचे अप्पा

अप्पा प्रत्येक सोसायटीत असतात. फाटकाशेजारचा तीन फुटी वाफा हे त्यांचं राज्य, आणि राज्य म्हटलं की घुसखोर आलेच. आमच्या अप्पांचा शत्रू क्रमांक एक म्हणजे पुदिना. "वर काय बघता? तो जमिनीखालून चालतो!" हे ते अशा आवाजात सांगतात की ऐकणारा नकळत पाय वर घेतो.

उपाय बादली. तिचं बूड कापायचं, ती जमिनीत पुरायची, काठ दोन बोटं वर ठेवायचा आणि पुदिना आत लावायचा. पाणी साचत नाही, आणि आडवी धावणारी खोडं भिंतीला थटून आतच फिरतात. उपाय नामी आहे, पण अप्पा पुदिन्यावर थांबतील तर ना! अळूला बादली, सोनटक्क्याला बादली, कर्दळीला रंगाचा डबा. जिन्यात पोछ्याची बादली विसरलात तर दुसऱ्या दिवशी तिच्यात पाणी ठरत नाही. काकूंनी आंघोळीच्या बादलीवर ऑइलपेंटने लिहून ठेवलंय: 'बूड हवे आहे.'

वेडेलियाचं नाव तर काढूच नये. पिवळ्या फुलांना भुलून कमिटीने ती कुंपणाशी लावली. जगातल्या शंभर उपद्रवी परक्या जातींच्या यादीत ती घाणेरीच्या पंक्तीला आहे, हे अप्पांनी सर्वसाधारण सभेत ठणकावलं. विषय पार्किंगचा होता. पेर मातीला टेकलं की मूळ धरतं, त्यामुळे ती बादलीवरून खुशाल पलीकडे जाते. अप्पा ती उपटतात आणि पुन्हा रुजू नये म्हणून गच्चीवर कडकडीत वाळवतात, काकूंच्या कुरडयांना खेटून.

माणूस वैतागवाणा, कबूल. पण भज्यांच्या दिवसांत आमच्या मजल्यावर पुदिना कुणी विकत आणत नाही. सकाळी दाराच्या कडीला जुडी अडकवलेली असते, आणि ती कुणी अडकवली हे अप्पा कधी कबूल करत नाहीत.

यंदा इमारत पुनर्विकासाला निघाली. अप्पांनी घरोघरी पुदिन्याची मुळं वाटली.

"बादली?" मी विचारलं.

"नको. पसरू दे जरा."

मग बिल्डरचा माणूस नकाशा घेऊन आला. जिम, क्लबहाउस आणि पार्किंगच्या डोक्यावर 'हरित पोडियम'. अप्पांनी चष्मा लावून विचारलं, "खाली माती किती?"

"खाली स्लॅब आहे, सर."

"बरं. मग त्याचं बूड कापून मिळेल का?"