बँजोवाले आजोबा

अंतराळयानांच्या धुमश्चक्रीचा गेम. नाव 'फॅलँक्स'. १९९२ साली सुपर निन्टेन्डोसाठी अमेरिकेत आला, तेव्हा खोक्यावर कोण होतं? टोपीवाले, दाढीवाले एक आजोबा, बँजो वाजवत बसलेले. यान आहे, पण मागे कुठंतरी. दुकानात यानांचे गेम ढिगानं; त्यांत आपलं खोकं उठून दिसावं, एवढाच हेतू. दिसलं बाबा. तीस वर्षं उलटली, लोक अजून हसतायत. गेम किती जणांनी खेळला ते विचारू नका.

हे काढायचं कारण, गेम जमवणाऱ्यांत एक सोवळं-ओवळं आहे. डबीचं मूळ कव्हर काढून आपल्या पसंतीचं छापून घातलं की तुम्ही बाटलात. मूळ ते मूळ, म्हणे. ठीक. पण हे मूळ ठरवलं कोणी? मार्केटिंग खात्यानं.

'मेगा मॅन'चं पहिलं अमेरिकन कव्हर बघा, १९८७चं. गेममध्ये निळा चिमुकला रोबो-पोरगा, हाताचीच तोफ. कव्हरवर पिवळ्या-निळ्या कपड्यांतला एक थोराड इसम, हातात पिस्तूल. चित्रकाराला गेम दाखवला होता की नुसता फोनवर सांगितला होता, कोण जाणे. पुढे गेम बनवणाऱ्या कॅपकॉमनं स्वतःच ही थट्टा मान्य केली आणि २०१२च्या 'स्ट्रीट फायटर एक्स टेक्केन'मध्ये त्याच ध्यानाला लढायला उतरवलं.

माझं आवडतं प्रकरण मात्र कॅपकॉमचंच, २००८चं. 'ओकामी' म्हणजे जपानी शाईचित्रात शिरून खेळायचा गेम. पांढरी लांडगी शेपटीचा कुंचला करून जग रंगवत जाते. 'वी' या गेमयंत्रासाठीच्या त्याच्या आवृत्तीचं उत्तर अमेरिकेतलं कव्हर छापून दुकानात पोचलं आणि तेज नजरेच्या मंडळींना लांडगीच्या तोंडापाशी पुसट अक्षरं दिसली : आयजीएन. गेमच्या बातम्या देणाऱ्या संकेतस्थळाचा शिक्का! म्हणजे चित्र ज्यांच्या मालकीचं, त्यांच्याच कव्हरसाठी ते दुसऱ्याच्या साइटवरून उतरवून घेतलेलं, शिक्क्यासकट. मग कंपनीनं गिऱ्हाइकांना तीन नव्या कव्हरांपैकी एक फुकट देऊ केलं. आता सांगा, यातलं मूळ कोणतं? शिक्केवालं, की कंपनीनंच मागाहून धाडलेलं? सोवळ्यातल्यांनी निवाडा द्यावा, आम्ही बसलोय.

२०१३च्या 'बायोशॉक इन्फिनिट'च्या कव्हरवर बंदूक खांद्यावर टाकलेला गडी बघून जुने चाहते भडकले, तर त्यांच्याकडून मतदान घेऊन कागदाच्या उलट्या बाजूला दुसरं चित्र छापलं गेलं. जर्मनीत वयाचा रंगीत शिक्का पुढच्या बाजूला किमान १२०० चौरस मिलिमीटरचा हवा, असा कायदाच आहे. म्हणून तिथं कित्येक कव्हरं मागून बिनशिक्क्याची येतात. डबी घरी आणायची, कागद पालटायचा. कायदाही खूश, कपाटही.

आपल्याकडे नव्वदीत वाढलेल्यांना याचं नवल नसावं. टीव्ही गेमच्या कॅसेटवर '९९९९ इन १', स्टिकरवर भलताच हिरो आणि आत तेच मारिओ-काँट्रा नावं बदलून फिरून फिरून. त्या पिढीला कुणी मूळ कव्हराचं पावित्र्य शिकवू नये.

पण बदलणारेही कमी नाहीत. अमेरिकेत प्लेस्टेशन २चा गेम भरपूर खपला की त्याला 'ग्रेटेस्ट हिट्स'चा लाल पट्टा मिळे. ही खरं तर शाबासकी. संग्राहकाला तो कलंक वाटतो, कारण कपाटातल्या रांगेत एवढा एकच लाल कणा डोळ्यांत खुपतो. तेवढ्यासाठी नवं कव्हर छापून घेणाऱ्याचं प्रेम गेमवर की कपाटावर, त्याचं त्याला ठाऊक.

आणि छापायचंच तर नीट छापा. डीव्हीडीच्या डबीचं कव्हर २७३ बाय १८३ मिलिमीटर, त्यात कणा १४. ए-फोरवर आरामात बसतं. पण झेरॉक्सच्या दुकानातला पोरगा सवयीनं 'फिट टू पेज' दाबतो, कणा फुगतो आणि गेमचं नाव वळणावर अडकून बसतं. 'अ‍ॅक्चुअल साइझ' असं दोनदा बजावायचं. खुणांवर स्टीलची पट्टी ठेवून कटरनं कापायचं. कात्री लावलीत तर कडा वाकड्या गेल्याच.

मूळ कागद फेकू नका, नव्याच्या मागे तसाच सरकवा. नव्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'नक्कल' छापा. कारण काही महाभाग सुट्या डिस्कला नवी डबी आणि घरगुती कव्हर चढवतात आणि 'संपूर्ण संच, ओरिजिनल' म्हणून दामदुपटीनं विकतात. असा कोणी भेटला तर वाद घालत बसू नका. ऑफसेटच्या छपाईत रंगांचे ठिपके शिस्तीत मांडलेले असतात, घरच्या इंकजेटचे विस्कटलेले. डबी हातात घ्या, खिशातून भिंग काढा आणि काही न बोलता बघत राहा. भाव आपोआप उतरतो.