येथे टी गळाला आहे

आयुष्यभर प्रुफं तपासलेल्या माणसानं उतारवयात इंग्रजी उच्चारांच्या वाटेला जाऊ नये. गेलाच, तर त्याच्या खालच्या मजल्यावर इंग्रजीच्या निवृत्त प्राध्यापकानं तरी राहू नये. साताऱ्यातल्या आमच्या इमारतीत या दोन्ही गोष्टी एकदमच जमून आल्या आहेत. वर नाना, खाली मी.

नाना छापखान्यात मुद्रितशोधक होते. उलटा बसलेला खिळा, उडालेला अनुस्वार, जुळाऱ्याच्या डुलकीत हरवलेली ओळ, काहीही त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. लग्नपत्रिका हातात आली की लोक मुहूर्त बघतात, नाना ऱ्हस्वदीर्घ बघतात. ‘शुभाशिर्वाद’ असं छापलेल्या लग्नाला त्यांनी आहेर केला, पण जेवले नाहीत.

तर नानांची मुलगी न्यू जर्सीत असते. तिनं बोलावलं, व्हिसा झाला, आणि तिथलं बोलणं कळावं म्हणून नाना मोबाइलवर इंग्रजी ऐकायला लागले. ऐकायला म्हणजे तपासायला. मांडीवर फूलस्केप वही, हातात तांबडं पेन. डावीकडे छापील रूप, उजवीकडे कानावर पडलेलं, समासात शेरा. पहिलंच पान माझ्यापुढे आलं ते असं :

‘नेक्स्ट डे. ऐकले : नेक्स्डे. येथे टी गळाला आहे.’

‘वॉटर. ऐकले : वॉडर. टी बदलला आहे.’

‘हँडबॅग. ऐकले : हॅम्बॅग. डी गळाला, एन बदलला. छापखाना कोणता?’

प्रत्येक गळालेल्या अक्षराच्या जागी तांबडं काकपद होतं. अमेरिकेच्या दोन राष्ट्राध्यक्षांची भाषणं त्या पानावर रक्तबंबाळ होऊन पडली होती.

“प्रोफेसर, एकच सांगा. या लोकांचे खिळे पडलेत की माझे कान गेलेत?”

मी समजावलं, की बोलताना जीभ फार लांबचा विचार करत नाही, पुढच्या व्यंजनाची तयारी आधीपासूनच करते. पुढे ‘ब’साठी ओठ मिटायचेच आहेत, तर आधीच्या ‘न’लाच मिटून घ्यावेत, की झाला ‘म’. मधल्या ‘ड’ला मग कोण विचारतं? नानांनी वहीत लिहिलं, ‘कारण : आळस.’

दुसऱ्या दिवशी प्रकरण आर या अक्षरावर आलं. लंडनची बातम्यावाली बाई ‘कार’ म्हणताना शेवटचा आर खाते, हे त्यांना समजलं होतं. पण पुढे स्वर आला की, ‘कार इज’ म्हणताना, तो आर हजर होतो! इथवरही त्यांनी सहन केलं. संतापले ते पुढे. तीच बाई ‘लॉ अँड ऑर्डर’ला ‘लॉरन्डॉडऽ’ म्हणाली होती.

“असलेला आर गाळायचा आणि नसलेला घुसडायचा? लॉमध्ये कुठे आलाय आर? आमच्याकडे एका जुळाऱ्याला एवढ्यासाठी मालकांनी घरी बसवलं होतं.”

दोन स्वर शेजारी आले की मध्ये आधाराला काहीतरी लागतं, आणि कार-बारच्या सवयीनं जिभेला आर सापडतो, असं मी म्हणालो. नानांनी लिहिलं, ‘कारण : सवय. (वाईट.)’

मग आला फोटोग्राफर. ‘फोटोग्राफ’ म्हणताना ‘फो’ ठणठणीत, पण ‘फोटोग्राफर’ म्हटलं की ‘फटॉग्रफर’. “फोटो काढणाऱ्याच्या पोटातला फोटोच गेला की हो!” खरं तर सगळ्या इंग्रजी बोलण्याची किल्ली इथेच आहे. मराठी ही रोजंदारीवरची भाषा : प्रत्येक अक्षराला जवळपास सारखी मजुरी. इंग्रजी एका अक्षराला मुकादम करते, त्याला भरपूर देते, आणि बाकीच्यांना कसाबसा एक पुसट ‘अ’ हाती ठेवते. हाच पुसट ‘अ’ इंग्रजीत सगळ्यात जास्त वेळा उच्चारला जाणारा स्वर, आणि त्याला रोमन लिपीत स्वतःचं असं अक्षरच नाही.

“नाही? मग इतकी वर्षं छापखानेवाले करत काय होते?”

हा प्रश्न मात्र जिव्हारी लागण्यासारखा होता, कारण उत्तर नानांच्या धंद्यातच आहे. विल्यम कॅक्स्टननं १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, तो इंग्लंडमधला पहिला. नेमके त्याच सुमाराला इंग्रजीचे दीर्घ स्वर जागा सोडून निघाले होते. त्याआधी, कवी चॉसरच्या काळी, ‘नेम’चा उच्चार ‘नामऽ’च्या जवळपास होत असे, आणि ‘नाइट’ या सरदारातला के तोंडातून ऐकूही येत असे. स्वर सरकत राहिले, सतराव्या शतकापर्यंत सरकत राहिले. छापील स्पेलिंगं मात्र हळूहळू खिळ्यांत घट्ट बसली. वर पंडितांचा उपद्रव वेगळाच. ‘डेट’ म्हणजे कर्ज हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्यात बी नव्हता. मूळ लॅटिन शब्दाची आठवण राहावी म्हणून विद्वानांनी तो मागाहून बसवला. उच्चारला कुणीच नाही, छापतात अजून सगळे.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. एकाएकी त्यांना कॅक्स्टनबद्दल बंधुभाव वाटू लागला असावा. “त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? हाती आलं तसं त्यानं छापलं. लोकांनी नंतर उच्चार बदलले, त्याला तो काय करणार? आणि बी घालणारे ते पंडितच. लेखक मंडळींची ही खोड जुनीच, शेवटच्या प्रुफात बदल करायची.”

बर्नार्ड शॉनं इंग्रजीसाठी नवी लिपी करावी म्हणून मृत्युपत्रात पैसे ठेवले होते, हेही मी सांगितलं. ती झाली, त्याचं एक नाटकही तिच्यात १९६२ साली छापलं गेलं, आणि लिपी तिथेच राहिली. यावर नाना इतकंच म्हणाले, “त्याची प्रुफं कुणी पाहिली असतील हो?”

इतके दिवस मी मुकाट होतो. पण एका सकाळी नाना माझ्याच दिवाणखान्यात बसून भाच्याशी फोनवर बोलत होते आणि त्यांची वही माझ्या हाताशी होती. मीही तांबडं पेन उचललं. फोन संपल्यावर वही पुढे केली.

‘पाच जण येणार आहेत. ऐकले : पाज्जण येणारेत.’

‘सात दिवस. ऐकले : साद्दिवस.’

‘मी इथे आलो आहे. ऐकले : मीथं आलोय.’

‘नाही आहे. ऐकले : नाहीये.’

नानांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. “हे मी बोललो?”

“शाळेत सत् अधिक जन, सज्जन, हे तुम्ही पाठ केलंत. पाच जणांचे पाज्जण त्याच वाटेनं झाले. तिथे संधी म्हणून मार्क मिळाले, आणि साहेबानं केलं की आळस?”

“अहो, पण बोलणं निराळं, लिहिणं निराळं!”

“साहेबही हेच म्हणतो.”

“आमच्यात निदान एका अक्षराला एकच उच्चार असतो.”

“‘माझा’ म्हणा. आता ‘माझी’ म्हणा. झ तोच राहिला का?”

नानांनी दोन्ही म्हणून पाहिलं. मग जिभेवर बोट ठेवून म्हणून पाहिलं. पन्नास-साठ वर्षं नजरेखालून गेलेला झ आपल्याला फसवत होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. आपल्या कानाला आपली भाषा ऐकूच येत नाही, तो अर्थ ऐकून पुढे जातो. परक्या भाषेत अर्थ हाती लागत नाही, म्हणून आवाज ऐकू येतात, आणि मग वाटतं, ही माणसं अक्षरं खातात. खातात सगळेच. आपण घरचं खातो म्हणून ते दिसत नाही.

नाना गेले न्यू जर्सीला. परवा फोन आला. शेजारच्या बाईंनी जेवायला बोलावलं, नानांनी एकेक अक्षर सुटं करून, एखादी जाहिरात वाचावी तसं सांगितलं, “आय कॅन कम.” बाई हळहळल्या, पुढच्या वेळी नक्की या म्हणाल्या. मुलीनं मग उलगडा केला : होकार असेल तर ‘कॅन’चा स्वर गिळून ‘आय क्न कम’ म्हणायचं. तो सबंध आणि ठासून म्हटला, की ऐकणाऱ्याला ‘कान्ट’चा अमेरिकी अवतार, ‘कॅन्ट’, ऐकू येतो. त्यातला टी तर ते असाही दाबतातच.

“म्हणजे बघा प्रोफेसर, मी सगळी अक्षरं नीट म्हटली म्हणून उपाशी राहिलो. आपल्याकडे असं नाही. आपल्याकडे नकार द्यायचा तर माणूस ‘बघू’ म्हणतो. एक अक्षर गळत नाही, आणि ऐकणाराही काय ते समजतो.”

“ते खरं. पण नाना, परत कधी येताय?”

“बघू,” नाना म्हणाले.