टीव्ही संच कसा निवडावा
(मुंबई-पुण्याच्या होतकरू ग्राहकांसाठी, साल १९८३)

टीव्ही घ्यायचं घरात ठरलं, की एक तत्त्व पक्कं ध्यानात ठेवावं : चित्र दूरदर्शनचं असतं, पेटी आपली असते. चित्राची काळजी मुंबईकरांनी वरळीच्या मनोऱ्यावर आणि पुणेकरांनी सिंहगडावर सोडावी. आपण पेटीकडे बघावं.

१. माप : दुकानदार ‘वीस इंची’ म्हणतो, ते कोपऱ्यातून कोपऱ्यात, तिरकं मोजून. प्रत्यक्षात रुंदी सोळा, उंची बारा. पायथागोरस शाळेत कशाला शिकवला, ते इथे कळतं. खरं माप मात्र तिसरंच. पिक्चर ट्यूबची मान मागे लांबवर जाते, त्यामुळे टीव्ही भिंतीला टेकत नाही, खोलीत घुसतो. दहा बाय बाराच्या खोलीचा आराखडा आधी कागदावर काढावा. जमिनीवर मुलं, कॉटवर आजी, दारात शेजारी, आणि खिडकीचे गज धरून ज्यांना आपण ओळखत नाही ते. घरमालकासाठी जागा उरली तर उत्तम.

२. शटर : लाकडी शटर आणि कुलूप असलेलाच संच घ्यावा. दुकानात शटर चार वेळा सरकवून आवाज ऐकावा. तो दोन बिऱ्हाडांपलीकडे जात असेल, तर रविवारच्या सिनेमाला वेगळं आमंत्रण द्यावं लागत नाही. किल्ली मार्च महिन्यात आईच्या कमरेला असावी.

३. माथा : हा सर्वांत महत्त्वाचा भाग. क्रोशाचं कापड, लग्नातला फोटो, गजराचं घड्याळ आणि फुलदाणी मावेल एवढा सपाट माथा हवा. मोजपट्टी घरून न्यावी. कापड मागच्या जाळीवर लोंबू देऊ नये, आतली उष्णता तिथूनच बाहेर पडते. शिवाय आत हजारो व्होल्ट खेळत असतात, म्हणून फुलदाणीत पाणी नको आणि फुलं प्लास्टिकचीच हवीत. सौंदर्यदृष्टीला इथे विज्ञानाचा पाठिंबा आहे.

४. रंग : गेल्या वर्षी एशियाडच्या निमित्ताने रंग आला. पैसे असतील त्यांनी रंगीत संच घ्यावा. नसतील त्यांनी कृष्णधवल संचापुढे लावायची रंगीत प्लास्टिकची काच आणावी : वर निळी, खाली हिरवी. ‘आमची माती, आमची माणसं’मध्ये आभाळ आणि शेत अगदी जागच्या जागी दिसतं. बातम्यांच्या वेळी निवेदिकेचे केस निळे आणि साडी रोज हिरवी दिसते. तेवढं सोसावं.

५. कंपनी : ईसी, टेलिव्हिस्टा, क्राउन, वेस्टन, कोणताही आणला तरी मेहुणा ‘दुसरा घ्यायचा होता’ म्हणणारच. म्हणून मेहुण्याकडे असेल तोच घ्यावा.

६. अँटेना : ही विकत मिळते, पण ती फिरवायला लागणारी माणसं मिळत नाहीत. तीन लागतात. गच्चीवर एक, जिन्यात निरोप्या एक आणि पडद्यासमोर एक. गच्चीवरून ‘आलं का?’ आलं, की जिन्यातून ‘आलं का?’ खाली जातं. पडद्यासमोरून ‘मुंग्या कमी झाल्या’ असं उत्तर निघतं आणि वर पोहोचेपर्यंत त्याचं ‘आलं’ होतं. मग वरचा माणूस नट आवळून टाकतो. यासाठी पडद्यासमोर नेहमी एकवचनी माणूस बसवावा. ‘मगाशी जास्त चांगलं होतं’ म्हणण्याची सवय असलेल्याला त्या दिवशी गावी पाठवावं.

७. चाचणी : दुपारी दुकानात संच लावून बघण्याचा हट्ट धरू नये. त्या वेळी प्रक्षेपणच नसतं, आणि मुंग्या सगळ्या कंपन्यांच्या सारख्याच दिसतात. संच घरी आणावा, टपाल कचेरीतून परवाना काढावा आणि रविवारची वाट पाहावी. ऐन सिनेमात, हरवलेल्या भावांना एकमेकांची ओळख पटायच्या क्षणी, पडद्यावर ‘व्यत्यय’ अशी पाटी येईल. दारातल्या शेवटच्या माणसाला ती चष्म्याशिवाय वाचता आली, तर संच अस्सल निघाला आणि पैसे वसूल झाले, असं खुशाल समजावं.