कॅसेटराव

पुण्यात मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो. नळाच्या तोट्या, बंद पडलेली घड्याळं, झाकण हरवलेली मिक्सरची भांडी, शिवकाळातली म्हणून गेल्या महिन्यात पाडलेली नाणी असा सगळा पसारा ताडपत्रीवर मांडलेला असतो. त्या गर्दीत एक गृहस्थ हमखास दिसतो. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, पाठीला लॅपटॉपची बॅग. बॅगेत लॅपटॉप सोडून बाकी सगळं असतं: दोन कापडी पिशव्या, पेन्सिल सेलचं पाकीट, तीन स्क्रू-ड्रायव्हर, टॉर्च आणि एक वही. इतर गिऱ्हाइकं उभ्याने भाव विचारतात, हा ताडपत्रीसमोर उकिडवा बसतो. मग रिमोटच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालतो आणि तळातून व्हिडिओ गेमची पिवळी कॅसेट बाहेर काढतो. हाच तो कॅसेटराव. तो पुण्यात एकटा नाही. मुंबईच्या चोर बाजारातही असतो आणि लॅमिंग्टन रोडवर तर दुकानदार त्याला येताना पाहूनच 'नाही आलं काही' असं सांगून मोकळे होतात.

कॅसेटराव श्रीमंत नसतो, आणि सगळी गंमत तिथेच आहे. श्रीमंत माणूस जपानहून बॉक्ससकट माल मागवतो, काचेच्या कपाटात ठेवतो आणि विसरून जातो. कॅसेटरावाचं मात्र महिन्याचं बजेट असतं. ते फ्लॅटचा हप्ता, शाळेची फी, आईची औषधं आणि स्कूटरचा विमा यांच्यामधल्या फटीत बसवलेलं असतं. त्यामुळे भाव करणं हा त्याचा धर्म आहे, आणि धर्माचे नियम ठरलेले आहेत. पहिला नियम, ज्याच्यासाठी आलो त्याच्याकडे बघायचं नाही.

"हा पान्हा कितीला?"

"पन्नास."

"आणि हा चार्जर?"

"चाळीस. चालू आहे."

"बरं. अन् हे काय, असंच पडलंय का?"

"ती मारिओची कॅसेट हाय साहेब. तीनशे."

"तीनशे? चालते तरी का?"

"चालत होती म्हणून तर विकली ना त्यांनी! बंद असती तर फेकून नसती दिली?"

या युक्तिवादापुढे भले भले गप्प होतील. कॅसेटराव होत नाही. तो कॅसेट उलटीसुलटी करतो, टॉर्च मारून आतल्या पट्ट्या बघतो, 'गंजलीय' असं स्वतःशीच पण विक्रेत्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणतो आणि साठ रुपये देऊ करतो. यावर विक्रेता खिशातून मोबाइल काढतो आणि बातमी दाखवतो: अमेरिकेत मारिओची कॅसेट पंधरा कोटींना गेली.

बातमी खरी आहे, दुर्दैवाने. ऑगस्ट २०२१मध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची एक सीलबंद प्रत वीस लाख डॉलरना विकली गेली. त्याच्या आदल्याच महिन्यात 'सुपर मारिओ ६४'ची प्रत पंधरा लाख डॉलरच्या वर गेली होती. या दोन सौद्यांनी दोन धनिकांचं काय भलं झालं ते देव जाणे, पण मंगळवार पेठेतल्या कॅसेटरावाचं कंबरडं मोडलं. ती प्रत कारखान्यातून निघाली तशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली होती. ही मिक्सरच्या भांड्यात सापडलेली आणि लेबलवर बॉलपेनने 'इ. ५ वी ब' लिहिलेली. हा फरक कॅसेटराव पोटतिडकीने समजावून सांगतो. विक्रेता शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, "म्हणून तर तीनशे सांगितले. नायतर पंधरा कोटीच सांगणार होतो."

शेवटी एकशेवीसवर तुटतं. पण आधी पान्ह्याचा भाव विचारलेला असतो आणि बोहनीच्या वेळी मोडता घालणं बरं दिसत नाही, म्हणून पान्हाही घ्यावा लागतो. कॅसेटरावाच्या घरी पान्ह्यांचा एक डबा भरला आहे. घरात नळ मात्र गळतोच.

आता या कॅसेटीत काय असतं? लेबलवर छापलेलं असतं: ९९९९९९९ इन १. लहानपणी या आकड्यावर आपण सगळ्यांनी विश्वास ठेवला होता. प्रत्यक्षात आत पाच-सहाच खेळ. तेच मारिओ, तेच 'काँट्रा', तोच बदक मारायचा खेळ वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या पातळीपासून सुरू होत राहतात. निन्टेंडोचा फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ला निघाला, किंमत १४,८०० येन. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात घरोघरी आल्या त्या बहुतांशी त्याच्या नकला. कुणाकडे 'लिटल मास्टर', तर कुणाकडे बाहेरून सेगाच्या मेगा ड्राइव्हसारखा दिसणारा आणि आतून निखळ फॅमिकॉम असलेला काळा डबा. म्हणजे आपल्या पिढीचं अवघं बालपण डुप्लिकेट मालावर गेलं.

त्यामुळे कॅसेटराव एका चमत्कारिक पेचात सापडतो. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सची कॅसेट घेताना तो ओरिजिनलच हवी म्हणून हटून बसतो. लेबल तिरप्या उजेडात धरतो, कारण अस्सल लेबलवर दोन आकडे दाबून उमटवलेले असतात. ते दिसले नाहीत की माल नकली, विषय संपला. पण फॅमिकॉमच्या बाबतीत त्याला ओरिजिनल नकोच असतं. त्याला हवा असतो १९९५ सालचा डुप्लिकेट, लाल-निळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आलेला. आज काही शे रुपयांत मिळणारं चारशे खेळांचं चिनी खेळणं दाखवलं की तो तुच्छतेने म्हणतो, "छे, हा डुप्लिकेट आहे!" नकलेतला अस्सलपणा ओळखायला जी नजर लागते, ती त्याने तीस वर्षं कमावली आहे.

बाजार संपला की घरचा कारखाना सुरू होतो. लहानपणी कॅसेट चालली नाही की आपण तिच्यात फुंकर मारत असू आणि ती चालतही असे. कॅसेटराव हे आज कुणाला करू देत नाही. फुंकरीतली ओल तांब्याच्या पट्ट्यांना खाते. कॅसेट चालायची ती काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे, फुंकर उगाच श्रेय घेऊन जायची. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान कोरायच्या कापसाच्या काड्या. निन्टेंडोच्या बऱ्याच अस्सल कॅसेटींचा स्क्रू साध्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडत नाही, त्याला ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो. तो बिट तपकीर गल्लीत शोधायला दोन शनिवार जातात. डब्यातल्या पान्ह्यांपैकी एकही त्याला बसत नाही.

मग बदकांचा प्रश्न येतो. बदक मारायची बंदूक आजच्या सपाट टीव्हीवर चालत नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. हा सगळा हिशेब जुन्या डबा टीव्हीच्या वेगावर बसवलेला. नवा टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, तेवढ्यात बदक उडून जातं. म्हणजे डबा टीव्ही हवा. तो मिळाला, आणि तोही फुकट. कोथरूडच्या एका आजोबांना तो खोलीतून काढायचाच होता.

"फुकट?" वहिनींनी विचारलं.

"एक रुपया घेतला नाही त्यांनी!"

"आणि टेम्पो?"

"आठशे."

"हमाल?"

"दोघं होते. दोनशे दोनशे."

"आणि ही नवी पिन?"

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे कॅसेटरावाच्या अर्थशास्त्राचं मूळ सूत्र आहे. वहीत मात्र कोंबडीचा रकाना आहे, मसाल्याचा नाही. म्हणून त्याचं बजेट दर महिन्याला जमतं.

उन्हाळ्यात गच्चीवर वेगळाच सोहळा असतो. जुन्या सुपर निन्टेंडोचं करडं प्लॅस्टिक वर्षानुवर्षांत पिवळं पडतं. ते पेटू नये म्हणून आत घातलेल्या ब्रोमीनमुळे असं होतं, असं जाणकार सांगतात. त्यावर उपाय हायड्रोजन पेरॉक्साइड आणि कडक ऊन. पेरॉक्साइडचं क्रीम ब्यूटी पार्लरच्या सामानाच्या दुकानात मिळतं. दुकानदाराने आपुलकीने विचारलं, "मिसेसचे केस रंगवायचेत का?" कॅसेटराव म्हणाला, "नाही, सुपर निन्टेंडोचे." तेव्हापासून ते दुकानदार त्याला बाटली कागदात गुंडाळून देतात आणि पुढे काही विचारत नाहीत. मग एप्रिलमध्ये सोसायटीच्या गच्चीवर एका बाजूला कुरडया वाळत असतात, दुसऱ्या बाजूला क्रीम फासून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला सुपर निन्टेंडो. कावळ्यांना हाकलायची पाळी दोघांची मिळून.

विकणं हा कॅसेटरावाच्या आयुष्यातला दुबळा भाग. तत्त्व चोख आहे: लॉटमध्ये पोतंभर माल घ्यायचा, त्यातली हवी ती एक कॅसेट ठेवायची, उरलेला माल विकायचा, म्हणजे ठेवलेली फुकट पडते. फक्त उरलेला माल विकला जात नाही. गिऱ्हाईक नाही असं नाही. ते येतं आणि पहिलाच संदेश पाठवतं: 'भाऊ लास्ट किती?' दुसरा: 'जुना मोबाइल देतो, एक्सचेंज होईल का?' त्यातूनही कुणी सरळ पैसे द्यायला तयार झालाच, तर कॅसेटराव त्याची चौकशी आरंभतो. घरात लहान मुलं आहेत का? दमट भागात राहता का? लेबलला हात लावायची सवय आहे? वाशीचा एक माणूस केवळ खाडीजवळ राहतो म्हणून बाद झाला. 'हनुमान: बॉय वॉरियर' हा २००९चा प्लेस्टेशन २वरचा खेळ, हैदराबादेत पूर्णपणे तयार झालेला. कॅसेटरावाकडे त्याच्या दोन डिस्क आहेत. एक ठेवायची, एक विकायची. गेली कित्येक वर्षं तो विकायची कुठली हे ठरवतो आहे.

मोठी स्वप्नंही आहेत. पूर्वी गावोगावच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये रुपयाचं नाणं टाकून पोरं 'मुस्तफा' खेळायची. त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स', कॅपकॉमने १९९३मध्ये काढलेला. पण पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफापुढे ते नाव कुणाला आठवतंय? ते उभं मशीनच विकत घ्यायचं कॅसेटरावाच्या मनात आहे. पॅसेजची मापं टेपने घेऊन झाली आहेत. वहिनींना अजून सांगितलेलं नाही. पॅसेजमध्ये त्यांची शिलाई मशीन आहे.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, माणूस खेळत तरी किती असेल! खेळत नाही. वेळच कुठे आहे? रविवार बाजारात जातो, शनिवार स्क्रूच्या शोधात, रात्री पट्ट्या पुसण्यात. एकदा पाहुण्यांच्या आग्रहाखातर त्याने 'काँट्रा' लावला आणि तिसऱ्या पातळीवरच्या धबधब्यात तीनही जीव घालवले. वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, उजवीकडे, बी आणि ए हा तीस जिवांचा मंत्र त्याला तोंडपाठ आहे. तो कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी 'ग्रेडियस'ची तपासणी सोपी व्हावी म्हणून घातला होता, हेही त्याने पाहुण्यांना सांगितलं. फक्त दाबायला विसरला. शेजारी त्याची लेक मोबाइलवर तोच खेळ फुकटात खेळत पाचव्या पातळीपर्यंत गेली होती.

कॅसेटरावाचा खरा खेळ पडद्यावर नाही, ताडपत्रीवर आहे. तिथे शत्रू समोर बसलेला असतो, जीव बजेटाएवढाच असतो आणि पातळी दर रविवारी अवघड होते. त्या खेळात तो तरबेज आहे. एखाद्या पोकेमॉनच्या कॅसेटीत नाण्याएवढी बॅटरी असते. ती बदलली की कुणा अनोळखी पोराने वीस वर्षांपूर्वी साठवलेला खेळ पुसला जातो. कॅसेटराव ती बॅटरी बदलत नाही. म्हणतो, "त्याने लेव्हल सत्तरपर्यंत आणलंय हो. मरेल तेव्हा मरेल, मी कशाला मारू?"

त्याला हसणं सोपं आहे, पण एक हिशेब त्याच्या बाजूचाही आहे. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार अमेरिकेत २०१०पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज दुकानात मिळत नाहीत. जिथे अस्सल माल निघाला तिथली ही गत. मग आपल्या नकलांची नोंद कोण ठेवणार? ती या वेड्यांच्या माळ्यावरच आहे, पान्ह्यांच्या डब्याशेजारी.

तेव्हा दिवाळीची साफसफाई करताना जुना व्हिडिओ गेम सापडला, तर तो भंगारवाल्याला किलोने घालू नका. आधी त्यातले सेल काढा, फुटून पाणी सुटलं की सगळं खातात. मग ओळखीत एखादा कॅसेटराव असेलच, त्याला बोलवा. मात्र फुकट देऊ नका. फुकट मिळालेल्या वस्तूत त्याला काडीचा रस नसतो, आणि आणखी एकदा टेम्पो करावा लागेल. शंभर सांगा, साठला द्या, आणि जाताना त्याच्याकडून एक पान्हा मागून घ्या.